धाकटा आला का?

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी बाबांनी मला विचारलं, "धाकटा आला का?" आणि मी म्हणालो, "हो, आला." एवढंच. बाहेर अंधारून येत होतं. बाबा नेहमीसारखे खिडकीशी खुर्ची ओढून, एका हातानं गज धरून बसले होते. माझं उत्तर ऐकल्यावर त्यांनी मान हलवली, गजावरचा हात हळूच मांडीवर घेतला आणि कितीतरी दिवसांनी खुर्चीला पाठ टेकली. मला बरं वाटलं. आई दारात वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत उभी होती. तिनं हातातली घडी पुरी केली, ती गठ्ठ्यावर ठेवली आणि काही न बोलता आत गेली. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी, मी कारण विचारलं तेव्हा, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पासष्ट वर्षं त्या माणसानं वाट पाहिली. तू एका शब्दात संपवलीस."

तेव्हापासून तो शब्द घशात अडकून बसला आहे.

आमच्या घरात धाकटा मी. ताई थोरली, मग दादा, मग मी. लहानपणी बाबा कामावरून आले की चपला काढता काढता पहिला प्रश्न हाच असायचा, "धाकटा आला का?" मी समोर अभ्यास करत बसलेला असलो तरी एकदा विचारायचेच, मग मला बघायचे आणि आत जायचे. ताई-दादा चिडवायचे, "तुमचं लाडकं शेंडेफळ हे काय इथंच आहे." मला त्याचा आतून फार आनंद व्हायचा. तीन भावंडांत आपली चौकशी आधी होते हे ज्याला लहानपणी मिळालं आहे त्यालाच ते कळेल. मी परीक्षेत मागे पडलो, पहिली नोकरी सुटली, एकदा घरातून भांडून चार दिवस मित्राकडे राहिलो, या सगळ्यात कुठंतरी तळाशी ते वाक्य होतं. कुणीतरी आपण घरी पोचलो की नाही ते विचारत असेल. त्या खात्रीवर मी बरीच वर्षं काढली.

गेल्या वर्षी बाबा दोन रात्री हरवले. विसरण्याचा आजार त्याआधी दोनेक वर्षं सुरू झाला होता, पण घराबाहेर ते कधी एकटे गेले नव्हते. दुपारची वेळ होती. आई आडवी झाली होती, वहिनी फोनवर होती, मी आतल्या खोलीत काम करत होतो, दाराची वरची कडी लावायची राहून गेली. कुणाकडून राहिली हे आम्ही आजपर्यंत एकमेकांना विचारलेलं नाही. आधी जिना, गच्ची, मग आसपासचे रस्ते, मग ओळखीची घरं. कुणीतरी सांगितलं की चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत. तसा काही नियम नसतो, पण त्या समजुतीपायी आमचे दोन तास गेले. शेवटी मिसिंग दाखल करायला गेलो, तेव्हा संध्याकाळ झाली होती.

ते वर्णन लिहून देणं मी कधी विसरणार नाही. हवालदार चांगले होते, वयानं मोठे, घाई न करणारे. त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. वय, उंची, रंग, बांधा, चेहरा गोल की उभट, नाक, केस. इथवर ठीक चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, "अंगात काय होतं?" ताई म्हणाली, पांढरा शर्ट. वहिनी म्हणाली, पांढरा नाही, फिकट निळा. मी राखाडी चौकड्यांचा म्हणालो आणि म्हणतानाच मला कळलं की तो शर्ट त्यांनी आदल्या दिवशी घातला होता. त्या दिवशी सकाळपासून आम्ही सगळे त्यांच्यासमोर होतो. मी त्यांच्या हाताला धरून त्यांना खुर्चीत बसवलं होतं, म्हणजे माझी बोटं त्या बाहीवर होती. हवालदार पेन टेकवून थांबले. "नेसणीस?" कुणालाच नक्की सांगता येईना. शेवटी त्यांनी लिहिलं, अंगात फिकट रंगाचा शर्ट. बाबा सापडले तेव्हा त्यांच्या अंगात दादाचा जुना गडद हिरवा शर्ट होता.

मग ओळखीची खूण. आई तोवर भिंतीशी बाकावर बसून होती. तिथूनच म्हणाली, "उजव्या भुवईच्या वर जुनी जखम आहे." ती आम्हाला माहीत होती. लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याची. बाबांनी आम्हाला शंभरदा सांगितलेली गोष्ट, झोपाळा किती उंच गेला होता वगैरे. लिहिता लिहिता हवालदारांनी सहज विचारलं, "कशाची?" त्यांना ते लिहायचंही नव्हतं. आई म्हणाली, "वडिलांनी मारल्याची."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. पेन पुढच्या रकान्यात गेलं.

त्या रात्री घरात कुणी झोपलं नाही. दादा आणि मी रात्री दीडपर्यंत फिरून परत आलो होतो. स्टेशन, बस थांबे, दोन हॉस्पिटलं. हॉस्पिटलातल्या बाकांवर झोपलेल्या अनोळखी म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावरची चादर बाजूला करून बघणं, आणि ते आपले नाहीत म्हणून हायसं वाटणं, आणि त्या हायसं वाटण्याची लाज वाटणं. घरी आलो तर आई बाबांच्या कपाटासमोर जमिनीवर बसली होती. अलीकडचा फोटो शोधताना आधार कार्डाच्या फाईलमागून मूळ घराची कागदपत्रं निघाली होती आणि ताईनं ती वाचली होती. मालक म्हणून दोन नावं होती. एक बाबांचं. दुसरं, त्याच वडिलांचं नाव लावणारं, आमच्यापैकी कुणी कधीही न ऐकलेलं.

बाबांना एक भाऊ होता. हे वाक्य आईनं अगदी साध्या आवाजात उच्चारलं. बाबा अकरा वर्षांचे, तो सहा. गाडी बदलायची होती, फलाटावर रेटारेटी होती. आजोबा सामान घेऊन पुढे, आजी मागे, आणि बाबांना सांगितलेलं, धाकट्याचं बोट सोडू नकोस. खरं तर धाकट्यानंच त्यांचं बोट धरलं होतं. लहान मूल बोट धरतं तेव्हा धरणारा हात त्याचा असतो. त्यानं ते कधी सोडलं, हे बाबांना कळलं नाही. बरंच पुढे गेल्यावर त्यांनी खाली बघितलं. आजोबांनी आठ दिवस ते स्टेशन पालथं घातलं. भुवईची जखम त्यातल्या पहिल्या रात्रीची. आजोबांनी हातात होता तो पितळी तांब्या फेकला होता. नंतर घरात धाकट्याचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं, म्हणजे कुणी ठरवलं नाही, घेणं बंद झालं. आईला हे लग्नानंतर सात वर्षांनी कळलं, तेही मी झाल्यावर. मला पहिल्यांदा हातात घेऊन बाबा इतके रडले की तिला विचारावं लागलं.

दादाची प्रतिक्रिया मला सगळ्यात जास्त लागली. बारा वर्षांपूर्वी त्याला धंद्यासाठी पैसे हवे होते आणि ते मूळचं बंद पडलेलं घर विकावं म्हणून तो बाबांच्या मागे लागला होता. बाबा नाही म्हणाले. कारण दिलं नाही. त्यावरून दोघांमध्ये तीन वर्षं अबोला होता, एकाच घरात, एकाच टेबलाशी. आता आई सांगत होती की ते घर विकणं बाबांच्या हातात नव्हतंच आणि असतं तरी त्यांनी विकलं नसतं. कायद्याप्रमाणे ज्याची खबर ७ वर्षं मिळालेली नाही तो मेला असं कोर्टाकडून गृहीत धरून घेता येतं. आपल्याकडे १८७२च्या पुरावा कायद्यापासून ही ७ वर्षांची अट आहे, जपानमध्ये ७च आहे, जर्मनीत साधारणपणे १०. कुठंही जा, एका मुदतीनंतर वाट बघणं कागदावर थांबवायची सोय असते, आणि ती असायलाच हवी, कारण मागे राहिलेल्यांना जगायचं असतं. पण त्यासाठी कुणीतरी उभं राहून म्हणावं लागतं की आता तो नाही असं धरा. वकिलानं बाबांना हे दोनदा सुचवलं होतं. बाबांनी आईला सांगितलं, "त्याला तो एकच पत्ता पाठ होता. मीच पाठ करून घेतला होता." दादा बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला सांगितलं असतं तर मी मागितलंच नसतं." आई म्हणाली, "म्हणूनच सांगितलं नाही."

मी त्या वेळी काय करत होतो? मी माझं मनगट बघत होतो.

बाबांनी मला त्यांचं बोट कधी धरू दिलं नाही. रस्ता ओलांडताना, गर्दीत, बाजारात, इतर मुलं वडिलांचं बोट धरून चालायची आणि माझं मनगट बाबांच्या मुठीत असायचं. घट्ट. उन्हाळ्यात घामानं ते ओलं व्हायचं, घड्याळाचा पट्टा काढल्यावर पडते तशी लाल खूण राहायची. मला ते आवडायचं नाही. आठवी-नववीत तर फारच लाज वाटायची, एकदा मी भर रस्त्यात हात हिसकावून घेतला होता आणि बाबा जागच्या जागी असे थांबले होते की मागचा माणूस त्यांच्यावर आदळला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, अपमान झाला म्हणून. आणखी एक गोष्ट त्या रात्री आठवली. टीव्हीवर पूर्वी हरवलेल्या माणसांची छायाचित्रं दाखवायचे. काळीपांढरी, धुरकट, आणि खाली कोरड्या आवाजात वर्णन. आम्ही तेवढ्यात पाणी पिऊन यायचो. बाबा मात्र उभे राहून बघायचे, अगदी पडद्याजवळ जाऊन, शेवटचा फोटो जाईपर्यंत. आम्हाला ती त्यांची सवय वाटायची, जशी कुणाला हवामान ऐकायची असते.

अमेरिकेतल्या पॉलिन बॉस या अभ्यासक १९७० च्या दशकापासून अशा घरांबरोबर काम करत आल्या. सुरुवातीच्या काळात त्यांनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं की मृत्यूचं दुःख एका जागी बसतं, पण ज्याचं काय झालं हेच माहीत नाही त्याच्या जाण्याला बसायला जागा मिळत नाही. रडावं तर तो जिवंत असेल, हसावं तर नसेल. या अधांतरी वियोगाचे त्या दोन प्रकार सांगतात. एकात माणूस समोर नसतो पण घरातल्यांच्या मनात रोज हजर असतो. दुसऱ्यात माणूस समोर बसलेला असतो आणि मनानं निघून गेलेला असतो, विसरण्याच्या आजारात होतं तसा. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो. पहिला प्रकार बाबा अकराव्या वर्षापासून जगत होते, आमच्यासोबत, आम्हाला पत्ता लागू न देता. दुसरा आता आम्ही जगतो आहोत, त्यांच्यासोबत.

दुसऱ्या रात्रीनंतरच्या पहाटे बाबा सापडले. घरापासून पाऊण किलोमीटरही नाही. एका अर्धवट बांधकामाच्या मागे, कुंपणाची भिंत आणि रचून ठेवलेले पाइप यांच्या बेचक्यात ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. तिथं काम करणाऱ्या माणसाला दिसले. आम्ही त्या रस्त्यानं निदान चार वेळा "बाबा, बाबा" ओरडत गेलो होतो. नंतर वाचलं की या आजारातली माणसं बरेचदा सरळ चालत राहतात, वाट संपून अडकेपर्यंत, शेवटचं पाहिलं तिथून फार लांब गेलेली नसतात, आणि नावानं हाका मारल्या तरी उत्तर देत नाहीत. याची वैद्यकीय कारणं असतील. माझ्यापुरतं एक कारण मला पटलं आहे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्येच लिहून ठेवलं की स्मृती जाते तेव्हा नवं आधी जातं, जुनं शेवटी. म्हणजे आम्ही आधी गेलो. त्या दोन रात्री तिथं बसलेला मुलगा कदाचित अकरा वर्षांचा होता, आणि अकरा वर्षांच्या मुलाला "बाबा" म्हणून हाक मारली तर तो ओ कशाला देईल?

मी त्यांना उठवायला हात पुढे केला तर त्यांनी हात धरला नाही. माझं मनगट पकडलं. त्यांच्या तळपायांना फोड आले होते, ओठ सुकून पांढरे झाले होते, आणि पकड अशी की मला माझ्या नसेचे ठोके त्यांच्या बोटांखाली ऐकू येत होते. ॲम्ब्युलन्समध्येही सोडलं नाही. सलाईन लावायला परिचारिकेला दुसऱ्या बाजूनं यावं लागलं.

आता सांगायला कठीण असलेलं सांगतो. ते सापडल्याचा आनंद ओसरल्यावर मला त्या सहा वर्षांच्या मुलाचा मत्सर वाटू लागला. ज्याचा एक फोटोही नाही, जो माझा काका आहे आणि माझ्या मुलापेक्षा लहान आहे. माझ्या वाट्याची म्हणून मी जी काळजी आयुष्यभर जपली तिच्यावर दुसऱ्याच कुणाचं नाव होतं की काय? दारातून येताना विचारलेलं "धाकटा आला का?" मी समोर बसलेलो असतानाही विचारलेलं! ते कुणासाठी होतं? एकदा धीर करून आईला विचारलं. ती म्हणाली, "मलाही कधी कळलं नाही. विचारायची छाती झाली नाही." आईवरही माझा राग आहे, तोही अजून पुरता गेलेला नाही. तिनं नवऱ्याचा शब्द राखला हे मला कळतं. पण दादाच्या त्या तीन वर्षांत ती रोज दोघांना वाढत होती आणि गप्प होती. हे मी तिला बोललो. ती म्हणाली, "माझं दुःख असतं तर सांगितलं असतं. त्यांचं होतं."

परत आल्यावर बाबांचा प्रश्न रोज सुरू झाला. दिवस मावळायला आला की ते खिडकीशी जातात. धाकटा आला का? मी त्यांच्यासमोर उभा राहून "मी आलोय ना" म्हणून पाहिलं. ते माझ्याकडे सौजन्यानं बघतात, पाहुण्याकडे बघावं तसं, आणि पुन्हा बाहेर बघतात. ताईनं एकदा खरं ते सांगितलं, की बाबा, तो हरवला, फार वर्षं झाली. त्यांनी ती बातमी त्या क्षणी पहिल्यांदा ऐकली. पुन्हा कुणी तसं केलं नाही. म्हणून त्या संध्याकाळी माझ्या तोंडून "हो" निघालं. त्यांनी पाठ टेकली तेव्हा वाटलं होतं, पासष्ट वर्षांत या माणसाला कुणी एवढं दिलं नसेल. मग आईचं ते वाक्य. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा पुन्हा गज धरून उभे होतेच.

नेओमी फेल या बाईंनी अशा वृद्धांसोबत बोलण्याची एक पद्धत १९६० च्या दशकापासून घडवली. त्या म्हणत, त्यांना दुरुस्त करू नका, आणि खोटंही सांगू नका, कारण आत कुठंतरी त्यांना ते कळतं. ते जिथं आहेत तिथं जा आणि विचारा. कोण, काय, कुठे, कसं. मी हे वाचून पाठ केलं, पण बाबांसमोर गेलो की शब्द सुचायचे नाहीत. आईनं यातलं काही वाचलेलं नाही.

चार दिवसांपूर्वीची गोष्ट. मी दाराशी होतो. बाबांनी विचारलं, "धाकटा आला का?" आईनं दुसरी खुर्ची ओढली, त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "नाही आला अजून." जरा थांबली. मग विचारलं, "अंगात काय होतं त्याच्या?"

बाबा लगेच म्हणाले, "पिवळा सदरा. माझाच, मला आखूड झालेला. आईनं खांद्यात शिवून लहान केला." आवाज एकदम स्वच्छ, आजारापूर्वीचा. "वरचं बटण नव्हतं. पिन लावली होती. मीच लावली सकाळी. टोचेल म्हणून आतून बोट धरून लावली." त्यांनी स्वतःच्या गळ्यापाशी दोन बोटं आत घालून दाखवलं.

"नेसणीस?" आईनं विचारलं.

"खाकी चड्डी. नाडीची. नाडी लांब होती, लोंबायची."

"पायात?"

बाबा खाली बघू लागले. फरशीकडे, स्वतःच्या पायांकडे. बऱ्याच वेळानं म्हणाले, "एकच चप्पल होती. एक गाडीत राहिली. मी म्हणालो, नंतर घेऊ." त्यांची हनुवटी थरथरली. आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, काही म्हणाली नाही.

मी आत जाऊन कागद आणि पेन घेऊन आलो आणि त्यांच्या पायाशी बसून लिहायला लागलो. अंगात पिवळा सदरा. वरचं बटण नाही, पिन. त्यांनी वाकून कागदाकडे पाहिलं. "लिहितोयस ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"पिवळा म्हणजे धुऊन फिका झालेला," बाबा म्हणाले. "तसं लिही."